मेणबत्ती आणायला गेलो तेव्हा

यासीननं रेडिओच्या पोटात सुई घातली, तेव्हा मी त्याच्या बोटांवरची नजर हलवली नाही.

सुई म्हणजे स्वेटर विणायची, प्लॅस्टिकची. तिचं टोक त्यानं घासून चपटं केलं होतं. रेडिओला अजून डबा नव्हता. तपकिरी पट्टीवर जडवलेलं नुसतं पोट चटईवर पडलं होतं. त्यात पत्र्याच्या चार बारक्या डब्या होत्या, नखाएवढ्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक रंगीत पेच. पिवळा, पांढरा, काळा, लाल. यासीन त्यातला एक पेच केसभर फिरवायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा.

"लोखंडी पेचकस का न्हाई?" मी विचारलं.

"लोखंड जवळ आलं की आवाज पळतो, भाई. हात लावून बरोबर करावं, तर हात काढला की चूक."

"असं कसं?"

"असंच असतं ते."

असंच असतं म्हणणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. तेव्हा तर मुळीच वाटत नव्हता.

ही तासगावची गोष्ट, बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी घडलेली. मी दस्तगीर, कलईवाला. वडील वारल्यावर भाता माझ्या हाती आला आणि घरही. घरात अम्मा आणि धाकटी बहीण जैतुन. जैतुन सातवी शिकलेली. मला तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं. ते पन्नाशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून शिकलो. पण कथलातलं मला कळायचं. सगळी पेठ म्हणायची, दस्तगीरनं कलई केलेल्या पातेल्यात तोंड बघून भांग पाडावा.

यासीन शिकलगार सांगलीला चौगुले शेठच्या रेडिओच्या दुकानात मेकॅनिक होता. त्याच्या घरून जैतुनला मागणी आली होती. बाप कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा, घर साधं. देण्याघेण्याचं विचारलं तर बाप म्हणाला, "पोरगी द्या, बास." अम्माला भरून आलं. मला मात्र खटकलं. काही मागत नाहीत म्हणजे पोरात काहीतरी खोट असणार.

म्हणून मी होकार लांबवत होतो. तेवढ्यात यासीननंच एकदा घरी आल्यावर विषय काढला. "भाई, आता घरोघरी स्टील येतंय. तुमचा हात डागाला, सांधे जोडायला चांगला आहे. एक किट आणून देतो, जोडून बघा. जमलं तर पुढं दुरुस्तीचं काम शिकता येईल."

त्यानं किट आणलं. किंमत सांगितली तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"एवढं स्वस्त?"

"डबा न्हाई ना त्यात. डबा तुम्ही करा. फक्त पत्र्याचा करू नका, मुका होईल. लाकडाचा करा."

किटबरोबर एक कागद होता. जैतुन तो वाचायची आणि मी जोडायचो. कोणत्या भोकात काय ते रंगांवरून कळायचं. तांबडा-तांबडा-पिवळा असा पट्टा असलेली कांडी इथं, तपकिरी-काळा-नारिंगी तिथं. रंगांची गट्टी मला दोन दिवसांत जमली. ट्रान्झिस्टर सहा होते, मुगाच्या शेंगेच्या तुकड्यासारखे, तीन-तीन पायांचे.

"डागाला सोबतचीच तार वापरावी," जैतुननं वाचलं.

ती तार मी दाताखाली धरून बघितली. निम्मं शिसं. असलं भेसळीचं कथील आमच्या भट्टीशेजारी कुणी ठेवलं नसतं. "पुढचं वाच," मी म्हणालो. मी माझं शुद्ध कथील घेतलं, तांब्याच्या टोकाचं लोखंड निखाऱ्यात तापवलं आणि डाग दिले, कथील धरावं म्हणून चिमूटभर नवसागर टाकून, जसे वाडवडलांपासून देत आलो तसे. एकेक डाग मोत्यासारखा उठला.

चार दिवसांत पट्टी भरली. पण सेल घातल्यावर नुसता वाळू चाळल्यासारखा आवाज येऊ लागला. "त्याचा आता सूर जुळवायचा राहिला," असा यासीनचा निरोप आला. "रविवारी दुपारी येतो."

म्हणून तो त्या रविवारी आमच्या चटईवर बसला होता आणि मी त्याच्या बोटांवर डोळा ठेवून होतो.

वाळूतून हळूहळू माणसाचा आवाज वर आला.

"हा काय बोलतोय?" अम्मानं आतून विचारलं.

"धारवाड लागलंय, अम्मा. कानडी आहे."

"मग आपल्याला काय कळणार? मराठीवाला लाव की."

यासीन हसला. "त्याची वेळ व्हायची आहे अजून. आधी ह्या टोकाचं धारवाड धरायचं, मग त्या टोकाची सांगली. हे नीट केलं की ते थोडं बिघडतं. ते नीट करायला जावं तर हे बिघडतं. दोन्ही राजी होईस्तोवर जा-ये करायची."

पट्टीच्या कडेला बोटाएवढी काळी कांडी होती, आवाज पकडणारी. तिच्यावर कागदाची नळी आणि नळीवर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली. ती नळी तो सुतासुतानं सरकवत होता. एका जागी धारवाडवाला असा मोठ्यानं बोलला की चुलीपाशी बसलेली जैतुन दचकून उभी राहिली.

"इथंच राहू दे," यासीन म्हणाला. "आता नळी हलता कामा नये. मेण लावून पक्की करू. मेणबत्ती आहे का घरात?"

मी जैतुनकडे बघितलं. ती म्हणाली, "न्हाई. संपल्या."

अम्मा आत असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला उभी राहिली होती. घरात मोठं माणूस होतं, म्हणून मी उठलो. कोपऱ्यावरच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. मेणबत्ती घेऊन परत यायला दहा मिनिटं लागली असतील.

आलो तेव्हा दोघं होती तिथंच होती. यासीन चटईवर, जैतुन चुलीपाशी. पण दोघांच्या बोलण्याचा शेवट नुकताच हवेत विरला आहे, असं मला वाटलं. आणि पट्टी मी ठेवून गेलो होतो त्यापेक्षा फिरलेली होती.

"हात लावला का आणखी कशाला?"

"जरा बघितलं," यासीन म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

त्यानं मेण लावलं. थोड्या वेळानं सांगली लागली, आणि अम्मानं डोळ्याला पदर लावला. कुणी बाई शेतीतल्या खताबद्दल बोलत होती, पण मराठीत बोलत होती. शेजारपाजारची दहा माणसं गोळा झाली. नेमूअण्णा सायकलवाला म्हणाला, "दस्तगीर, गड्या, तू भांड्यातनं माणूस बोलवलास की!"

त्या आनंदात मी होकार देऊन टाकला. पुढच्या महिन्यात मंगनी करायची ठरली.

रेडिओ तीन आठवडे बोलला. मग एक दिवस धारवाड लागेना. दोन दिवसांनी सांगलीवाले घशाला सूज आल्यासारखे बोलू लागले. सेल बदलले, फरक पडला नाही. पुढच्या शुक्रवारी तर वाळूही वाजेना.

नेमूअण्णा दुकानात पंक्चर काढत होता. मी त्याला सांगितलं.

"कुणी हात लावला होता त्याला?" त्यानं विचारलं.

"यासीननं. सूर जुळवला."

"मग झालं." अण्णानं ट्यूब पाण्यात बुडवली. "माझ्या मेव्हण्याच्या रेडिओचं असंच केलं होतं एकानं. ही मेकॅनिक मंडळी नवा ट्रान्झिस्टर काढून घेतात आणि म्हातारा बसवतात. चार दिवस खोकत खोकत चालतो, मग मरतो. तू समोर होतास ना पण?"

मी तिथला पान्हा उचलून उलटसुलट बघितला.

"काय रे?"

"दहा मिनिटं नव्हतो."

"दहा मिनिटांत सहा बदलून होतील," अण्णा म्हणाला आणि बुडबुडे शोधू लागला.

घरी येऊन मी फळीवर चिमटा शोधत होतो, तर मिठाच्या बरणीमागं कागदात गुंडाळलेल्या दोन मेणबत्त्या हाती लागल्या.

"ह्या कधी आणल्या, अम्मा?"

"शब-ए-बारातीच्या आहेत त्या. का?"

मी त्या घेऊन जैतुनसमोर उभा राहिलो. ती तांदूळ निवडत होती. मेणबत्त्या बघितल्या आणि तिचे कान लाल झाले.

"संपल्या म्हणालीस तू."

ती पुन्हा तांदळातले खडे शोधू लागली.

"मी गेल्यावर त्यानं पट्टीला काय केलं?"

"बघितली."

"काय बघितलं?"

"भाई, ते मी सांगणार न्हाई."

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे!"

"आहे. पण तू समजतोस तसलं न्हाई."

"तू त्याच्या बाजूची झालीस, जैतुन? अजून निकाह व्हायचाय. सख्ख्या भावाच्या घरात चोरी होते आणि तू ताट वाढून देतेस?" आणखीही बोललो. ते इथं लिहीत नाही. अम्मा मध्ये पडली तेव्हा थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सांगलीला गेलो. बाजाराचा दिवस होता. चौगुले शेठच्या दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं, दोन बायका, आणि मागच्या टेबलावर यासीन. मी पायरीवरूनच बोललो.

"माझे ट्रान्झिस्टर कुठं विकलेस?"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली. शेठनं चष्मा काढला. "काय झालं, पाव्हणं?"

"तुमच्या मेकॅनिकला विचारा. घरी येऊन सूर जुळवतो म्हणाला. मला बाहेर पाठवलं, नवे काढले आणि मेलेले बसवले. आमच्या मुलीला मागणी घालणारा माणूस, शेठ!"

यासीन उभा राहिला होता.  तो एवढंच म्हणाला, "भाई, घरी जाऊन पट्टी उलटी करून बघा."

"उलटी करून काय बघू? तुझी करामत?"

"उलटी करून बघा," तो पुन्हा म्हणाला.

"स्पष्ट बोल की यासीन," शेठ म्हणाले. "घेतलेस का न्हाईस?"

"न्हाई घेतले."

"मग रेडिओ का बंद पडला?"

यासीननं माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं. "ते मी सांगू शकत न्हाई."

शेठनं हात पुढे केला. यासीननं खिशातून सुट्या मालाच्या कपाटाची किल्ली काढून त्या हातावर ठेवली. मी पायरी उतरलो. मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

त्याच आठवड्यात शिकलगारांकडून निरोप आला: सोयरीक नको. अम्मानं दोन दिवस जेवण टाकलं. जैतुन माझ्याशी बोलेनाशी झाली. भाकरी पुढ्यात ठेवायची आणि जायची.

मी पट्टी उलटी केली नाही. चोरानं दाखवलेल्या जागी कशाला बघायचं, असं मला वाटायचं. रेडिओ लाकडी डब्यात घालून फळीवर ठेवून दिला होता.

पंधरा दिवसांनी एक गिऱ्हाईक तांब्याचं पातेलं घेऊन आलं. ताक कळकलं म्हणून बाई चिडली होती. मी पातेल्याचा कळकलेला हिरवा तळ तिला दाखवत होतो. "कलई उडाली की तांबं असं करतं, बाई. आणि कलई नीट धुतली न्हाई, नवसागर तसाच राहिला, तर आणखीच..."

तिथं माझं वाक्य थांबलं.

"आणखीच काय?" बाई म्हणाली.

"उद्या या," मी म्हणालो.

आत जाऊन डबा काढला. पेच सोडवले. पट्टी उलटी केली. एकही डाग मोत्यासारखा राहिला नव्हता. प्रत्येकाभोवती पांढरा-हिरवा बुरा चढला होता. पातेलं आम्ही कलईनंतर राखेनं घासतो, पाण्यानं खळबळून धुतो. ही पट्टी मी धुतली नव्हती. विजेची वस्तू धुवायची कशी? कांडीवरच्या केसाएवढ्या तारेला मी फुंकर घातली. तिचं टोक डागापासून सुटून हललं. तिथं तारच उरली नव्हती. नवसागरानं खाल्ली होती. ट्रान्झिस्टर मोजले. सहाच्या सहा माझेच होते. एकाच्या पायाला जोडताना माझ्याकडून चिमट्याचा ओरखडा उठला होता, तोही तसाच होता.

जैतुन दारात येऊन उभी राहिली होती.

"बघितलंस?"

"तुला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी त्यानं पट्टी उलटी करून दाखवली मला. तेव्हा नुसता पांढरा बुरा होता. म्हणाला, नवसागर आहे, हळूहळू सगळं खाऊन टाकेल. भाईंना आत्ताच सांगतो."

"मग सांगितलं का न्हाई?"

"मी नको म्हणाले." ती खाली बसली. "अब्बा गेल्यापासून दहा वर्षं बघतेय तुला, भाई. चार दिवस रात्रंदिवस खपलास. आणि ज्याच्या हातात बहीण द्यायची, त्यानंच पहिल्यांदा घरात बसून तुला म्हणायचं की तुम्हाला डाग देता येत न्हाई? मी म्हटलं, भाईला लागेल. अम्मालासुद्धा सांगू नका. तो म्हणाला, बरं, निकाह झाल्यावर एक दिवस येऊन सगळे डाग नवे करून देतो, त्यांना कळणारही न्हाई. शब्द दिला त्यानं."

"आणि मेणबत्ती? ती संपली असं का म्हणालीस?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "जन्म काढायचा त्या माणसाबरोबर. दोन शब्द तरी बोलून बघावं वाटलं. दहा मिनिटं मिळाली, तर हा आपला तुझ्या डागांवरच बोलत बसला."

हसावं का रडावं ते मला कळेना.

"मी त्याला दुकानात चोर म्हटलं तेव्हा तरी सांगायचंस, जैतुन."

"तेव्हा तू ऐकणारा होतास? मी काहीही सांगितलं असतं तरी तू म्हणाला असतास, त्याच्या बाजूचं बोलते. म्हणून म्हटलं, तुझ्या डोळ्यांनी बघशील तेव्हा बघशील."

"आता काय करू?"

"मला काय विचारतोस? जिथं बोललास तिथं जा."

बाजाराचा दिवस यायला तीन दिवस होते. थांबलो. त्या दिवशी तितकीच गर्दी असणार होती. दुकानाच्या त्याच पायरीवर उभा राहिलो आणि पट्टी उलटी धरून सगळ्यांना दाखवली. "यासीननं काही घेतलं न्हाई. मी नवसागरानं डाग दिले. ह्यानं ओळखलं होतं, पण माझी अब्रू राखायला गप्प बसला. कलईवाला दस्तगीर म्हणतात मला. मीच माझा रेडिओ खाल्ला."

एक म्हातारा फिसकन हसला. शेठ म्हणाले, "बरं बरं, होतं असं." पण त्यांनी गल्ल्यातून किल्ली काढली आणि मागच्या टेबलावर नेऊन ठेवली.

यासीन पायरीपर्यंत आला. पंधरा दिवसांत त्याचं तोंड उतरलं होतं.

"जैतुननं सांगितलं का?"

"मी उलटी करून बघितली. मग तिनं सांगितलं."

त्यानं मान हलवली. "मला सांगून भागणार न्हाई, भाई. अब्बा उद्या मिरजेला चाललेत, दुसरी मुलगी बघायला. माझ्याशी बोलतसुद्धा न्हाईत. त्यांना वाटतं, मी घेतलंच असणार, न्हाईतर तोंड का उघडलं न्हाई."

"त्यांना तू काही सांगितलं न्हाईस?"

"शब्द दिला होता."

त्याचा बाप, बडेसाहेब शिकलगार, बसस्टँडमागच्या बोळात बसायचा. मी गेलो तेव्हा पायानं चाक फिरवत शिंप्याच्या मोठ्या कात्रीला धार लावत होता. मला बघून चाक थांबवलं नाही.

"धारेला काय आणलंय?"

"काही न्हाई, चाचा. माफी मागायला आलोय."

"ती दुकानाच्या पायरीवर मागायची असती."

"तिथनंच आलोय."

मी सगळं सांगितलं. नवसागर, मेणबत्ती, दहा मिनिटं, काही लपवलं नाही. चाक फिरत होतं, कात्रीच्या पात्यावरून ठिणग्या उडत होत्या. म्हातारा ऐकतोय की नाही ते कळत नव्हतं.

"म्हणजे तुमची मुलगी सांगू नको म्हणाली," तो शेवटी म्हणाला, "म्हणून माझा पोरगा भर दुकानात चोर म्हणवून घेऊन आला?"

"व्हय."

"आणि ती? तिला घरात काय झालं?"

"मी नको नको ते बोललो तिला. तिनंही ऐकून घेतलं."

"तोंडातनं काढलं न्हाई?"

"न्हाई."

चाक थांबलं. म्हाताऱ्यानं कात्री मांडीवर ठेवली आणि खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"पंधरा दिवस मी पोराशी बोललो न्हाई," तो म्हणाला. "एका ताटात जेवलो, पण बोललो न्हाई. तुम्ही परक्याच्या पोरावर शक घेतला. मी माझ्या पोरावर घेतला."

मी हातातली पट्टी पिशवीत ठेवली.

"त्या दोघांनी एकमेकांचा शब्द राखायला सुरुवातसुद्धा केली. आपण दोघं मध्ये बसून सोयरीक मोडतोय का जोडतोय, त्यांना काय त्याचं?" त्यानं कात्री उचलून पात्यावरून अंगठा फिरवला. "मिरजेला न्हाई जात मी. पण तुमच्या दारात मी आधी येणार न्हाई. अम्माला घेऊन तुम्ही या."

"कधी येऊ?"

"बसा जरा. शिंपी कात्रीसाठी खोळंबलाय. एवढी धार लावून होऊ दे, मग चांगला दिवस बघून सांगतो."

समोर एक रिकामा खोका होता. मी तो ओढून घेतला आणि बसलो.